‘शेफसारखं किचन’ बसवून देणाऱ्या साहेबांना खुले पत्र

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर

श्री. किचन डिझायनर साहेब यांस,



पत्र खुलं आहे, पण तुमचं नाव त्यात नाही आणि तुमच्या दुकानाचंही नाही. शहरात तुमचे इतके व्यवसायबंधू काचेची शोरूमं थाटून बसले आहेत की हे पत्र आपल्यालाच आहे असं त्यातल्या प्रत्येकाला वाटलं, तर तेवढाच माझा टपालखर्च वाचेल.

आम्ही तुमच्याकडे आलो होतो ते एक ओटा, एक सिंक आणि चार फळ्या करून घ्यायला. तुमच्या माहितीपत्रकावर उंच पांढऱ्या टोपीतला एक गोरा शेफ हाताची घडी घालून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आता तुमच्याही घरी शेफसारखं किचन’. ते वाचून आमच्या ह्यांची नजरच बदलली. निवृत्त झाल्यापासून टीव्हीवरचे स्वयंपाकाचे सामने बघून बघून ह्यांना स्वयंपाकातलं सगळं कळायला लागलंय, फक्त चहासाखर कुठल्या डब्यात असते तेवढं सोडून. तुम्ही ते बरोबर हेरलंत. मला मात्र दोनच प्रश्न विचारलेत. ‘मॅडम, कलर थीम काय ठेवायची?’ आणि ‘अ‍ॅक्रिलिक की पीयू?’ घरात माणसं किती, पोळ्या होतात की भाकरी, पाणी कधी येतं, धान्य कुठून येतं, रांधणारी बाई केवढी उंच, हे काही नाही. त्याची उत्तरं तुम्हाला टोपीवाल्याकडून मिळालेली होती.

उंचीपासूनच सुरुवात करते. ओटा तुम्ही ३६ इंचांचा केलात. मी म्हटलं, जरा उंच वाटतोय. तुम्ही म्हणालात, ‘इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे मॅडम.’ खरंय, अमेरिकेत ओटे ३६ इंचांचेच असतात. भारतातल्या बाईची सरासरी उंची मात्र १५२ सेंटिमीटरच्या, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे आणि मी त्या सरासरीची इमानी सभासद आहे. हिशेब साधा असतो. उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं आणि त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा धरायचा. चिरायला तेवढा ठीक. कणीक तिंबायला, पोळी लाटायला त्याहूनही खाली लागतो, कारण तिथं जोर नुसत्या मनगटाचा नसतो, अंगाचा भार खांद्यातून उतरावा लागतो. तुमच्या ओट्यावर पोळपाट ठेवला, त्याची दीड-दोन इंच उंची धरली, की लाटणं थेट माझ्या कोपराच्या रेषेत येतं. कोपराच्या रेषेत हात धरून एकदा पोळी लाटून बघा. ती लाटली जात नाही, नुसती गोंजारली जाते.

मग मी उपाय काढला. माझ्या रुखवतातला चौरंग माळ्यावरून खाली काढला, ओट्यापाशी ठेवला आणि त्यावर उभी राहिले. सहा इंचांचा आहे. पोळ्या झकास व्हायला लागल्या. अडचण इतकीच की चौरंग ठेवला की सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडत नाही, आणि पोळपाट-लाटणं नेमकं त्याच ड्रॉवरात आहे, कारण तो तुमचा ‘रोलिंग ड्रॉवर’. म्हणजे आधी ड्रॉवर उघडायचा, पोळपाट काढायचा, ड्रॉवर मिटेपर्यंत थांबायचं (तो हळू मिटतो, त्याचे पैसे तुम्ही वेगळे लावलेत), मग चौरंग सरकवायचा, मग चढायचं. मध्येच तूप लागलं की उतरायचं.

तुमच्या त्या टोपीवाल्याच्या घराण्याचा मूळपुरुष कोण, ठाऊक आहे का? ऑग्युस्त एस्कॉफिए, १८४६ ते १९३५. हॉटेलच्या भटारखान्याला आजचं वळण लावलं ते या फ्रेंच माणसाने. गडी ठेंगणा होता. तोंडाला शेगडीची धग लागू नये म्हणून उंच टाचांचे बूट घालून उभा राहायचा. तेव्हा चौरंगावर चढून मी थोरामोठ्यांच्याच रांगेत उभी आहे. त्याचे बूट त्याने स्वतः निवडले होते, एवढाच काय तो फरक.

हा एस्कॉफिए १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फौजेत स्वयंपाकी होता. तिथली शिस्त त्याने पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आणली. रस्से-सॉस करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, मासळीवाला वेगळा, भाज्यांचा वेगळा, गोडाधोडाचा वेगळा. ज्याची त्याची जागा ठरलेली, आणि शेगडी पेटवण्याआधी लागणारं सगळं निवडून, चिरून, मोजून, वाट्यावाट्यांत घालून समोर मांडलेलं. शेफचं किचन म्हणतात ते मुळात हे: माणसं आणि आधीची तयारी. ओटे-शेगड्या त्यांच्या मागून येतात. तुम्ही मला स्टेशनं तीन दिलीत, प्रेप, कुक आणि प्लेट. माणसं कुठायत? प्रेपला मी, कुकला मी, प्लेटला मी. चौथं स्टेशन ह्यांचं. ते आयलंडच्या पलीकडे उंच स्टुलावर बसतात आणि दर पाच मिनिटांनी विचारतात, ‘झालं का?’

हां, ते आयलंड. हॉलची भिंत पाडून तुम्ही ते मधोमध बसवलंत. आता फ्रिजचं दार अर्धंच उघडतं. भाजीचा खण पुढे येत नाही; जुडी तिरकी करून, एकेक काडी ओढून कोथिंबीर काढावी लागते. लहान स्वयंपाकघराचा तुम्हाला कमीपणा वाटला, म्हणून सांगते. १९२६ साली जर्मनीत, फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर रुंद, ३.४४ मीटर लांब. आपल्या मापात सव्वासहा बाय सव्वाअकरा फूट. नमुना घेतला तो रेल्वेच्या भोजनडब्याचा, जिथं बोळकांडीएवढ्या जागेत मूठभर माणसं गाडीभर लोकांचं जेवण काढतात. कुठल्या कामाला किती पावलं पडतात, किती वेळ जातो, याचा बाईंनी अभ्यास केला. तांदूळ, साखर यांचे नावं घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण दिले, बसून चिरायला स्टूल दिलं. अशी दहाएक हजार स्वयंपाकघरं बसली, आणि तुम्ही विकता ते मॉड्युलर किचन त्यांच्याच वंशातलं. या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं की तोवर त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता. तुमचं आणि त्यांचं जुळतं ते एवढंच.

आता पाण्याकडे येऊ. शेगडीच्या वर, भिंतीतून, तुम्ही एक सोनेरी नळ काढलाय. दोन ठिकाणी दुमडणारा. ‘पॉट फिलर, मॅडम. मोठ्या हॉटेलांत असतो.’ असतो ना. तिथं ४० लिटरची पातेली चढलेली असतात. ४० किलो पाणी सिंकपासून शेगडीपर्यंत कोण उचलून नेणार, म्हणून नळच पातेल्यापाशी आणला. माझं सगळ्यात मोठं भांडं म्हणजे पाच लिटरचा कुकर. तो मी भरलेला एका हाताने उचलते. तरीही म्हटलं, असू दे, हौसेला मोल नाही. पण साहेब, त्या नळातून येणार काय?

काम तुम्ही घेतलंत ते पुंडलिकनगरात. गजानन महाराज मंदिराकडून येताना इथला जलकुंभ तुम्हाला दिसला असेल. एवढी मोठी टाकी नजरेतून सुटत नाही. पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते त्या धरणाचं उद्घाटन झालं. धरणात पाणी असतं, शहरात नसतं. जुन्या नळवाहिन्यांतून आणणार किती, आणि शहर त्यांना मागे टाकून कधीच पुढे निघून गेलेलं. एखादी वाहिनी फुटली की पेपरात बातमी येते आणि आमच्या गल्लीचा दिवस आणखी पुढे जातो. २०२० च्या डिसेंबरात १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे तिचा खर्च २,७०० कोटींच्या वर गेला. खर्चाच्या वेगाने पाणी वाढलं असतं, तर तुमचा पॉट फिलर मी दिवसरात्र सोडून ठेवला असता. गेली कित्येक वर्षं आम्हाला ठाऊक आहे ते आठवड्याने येणारं पाणी, आणि उन्हाळा लागला की त्याहूनही उशिराचं.

पाण्याचा दिवस तुम्ही बघितलेला नाही, कारण त्या दिवशी तुमची माणसं ‘पाण्यामुळे काम होत नाही’ म्हणून यायची नाहीत. रात्री केव्हातरी शेजारीण हाक मारते, ‘ओ काकू, आलं!’ लगेच मोटर. आधी खालचा हौद, मग वरची टाकी, मग ड्रम आणि बादल्या. पिण्याचं वेगळं, गाळून: तांब्याचा हंडा, तोटीचं स्टीलचं पिंप, दोन कळश्या, माठ. हे सगळं आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोखंडी घडवंचीवर असायचं. तोटीखाली एक छोटी बादली, सांडलेलं थेंबभर पाणीही तुळशीला जायचं. ती घडवंची तुम्ही पहिल्याच दिवशी उचलून बाहेर ठेवलीत. ‘व्हिज्युअली क्लटर वाटतं, मॅडम.’ त्या कोपऱ्यात आता वाइन रॅक आहे. सहा बाटल्यांचा. सध्या त्यात कोकमाचं आगळ, लिंबाचं सरबत, गुलाबपाणी आणि ह्यांच्या गुडघ्यांना लावायचं तेल अशा चार बाटल्या आडव्या पडून मुरताहेत. पिंप हॉलमध्ये सोफ्याशेजारी असतं. पाहुण्यांना वाटतं, कार्य आहे.

आणि पॉट फिलरला पाणी कुठलं? वरच्या टाकीचं. आठवड्याच्या अखेरीला टाकीत असतं ते टँकरचं नाही तर बोअरचं. बोअरचं इतकं जड की महिन्याभरातच सोनेरी नळाच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा वेढा बसला. त्या पाण्यात वरण शिजत नाही. नळ मात्र वाया गेलेला नाही. त्यावर मी हातपुसणी वाळत घालते. दुमडता येतो, त्यामुळे सोयीचा पडतो.

चार लोकांचं सोडून चारशे लोकांचं शिजवणं या शहराला नवीन नाही, साहेब. जुन्या शहरात जाऊन एकदा नान-खलियाचा भटारखाना बघून या. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इथं आला, असं शहर सांगतं. खरंखोटं इतिहासवाले बघतील. तिथं असतं काय? तंदूर, मोठी देग, लांब दांड्याचा पळा, नान काढायच्या सळया. सगळं काम करणाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात. तुमचं ते उंच कपाट, ‘टॉल युनिट’, मला तरी दिसलं नाही.

किंवा आमच्याकडचं एखादं लग्न बघा. हजार पानांची येसराची आमटी रटरटते ती विटांच्या चुलाणावर. आचारी येतो तो एक पिशवी घेऊन. तिच्यात त्याचा स्वतःचा झारा, उलथनं, पळी आणि सुरी. चप्पल काढायच्या आधी विचारतो, ‘पंगत कितीची?’ मग, ‘पाण्याचं काय केलंय?’ मग, ‘सरपण कुठंय, ओलं तर नाही ना?’ गव्हाचे, डाळींचे, मसाल्याचे आकडे तो त्यानंतर तोंडावर सांगतो आणि ते चुकत नाहीत. मांडवाच्या रंगाची थीम त्याने अजून कुणाला विचारलेली माझ्या ऐकिवात नाही.

चिमणीचं सांगते. खोक्यावर लिहिलं होतं, ताशी १,२०० घनमीटर हवा ओढते. ओढत असेल. तिचं तोंड सहा इंचांचं. पुढे तुम्ही लावलात चार इंचांचा पीव्हीसी पाइप, कारण सहाचा तुमच्या फॉल्स सीलिंगमध्ये मावेना. सहाचे चार झाले म्हणजे दोनच इंच कमी झाले, असं तुम्ही ह्यांना समजावलंत आणि ह्यांनी मान डोलावली. वाटेचं क्षेत्रफळ बघायचं तर छत्तिसाला सोळा. निम्म्याहून जास्त वाट बुजली. त्यात तीन काटकोनी वळणं. एवढं सगळं करून त्या पाइपाचं तोंड तुम्ही उघडलंत कुठं, तर मागच्या गॅलरीत, जिथं आमचे कपडे वाळतात. पहिल्याच आठवड्यात मी ठेच्याच्या मिरच्या भाजल्या. अर्धा खाट घरातच फिरला, अर्धा मुलाच्या शर्टात शिरला. तो वाळूजला कंपनीत गेला आणि मीटिंगमध्ये समोरचे तिघे ओळीने शिंकले.

हॉबची वेगळीच तऱ्हा. ‘हॉटेलसारखी ज्योत, मॅडम.’ हॉटेलची ज्योत ढणढणते, कारण तिच्या मागे १९ किलोच्या सिलिंडरांची ओळ असते आणि जास्त दाबाचा रेग्युलेटर असतो. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरावरचा रेग्युलेटर दाब मुद्दाम कमी ठेवतो, घर सुरक्षित राहावं म्हणून, आणि ते योग्यच आहे. मग बर्नर पितळी लावा, तीन कड्यांचा लावा, मागून येणार तेवढंच येणार. त्यात वरून काळी काच. आमच्याकडे रात्री ज्वारीची भाकरी. लोखंडी तवा, एक बाजू तव्यावर, दुसरी थेट ज्योतीवर, तेव्हा ती टम्म फुगते. पीठ सांडणार, जळणार, तवा जरा आपटणार. सर्व्हिसचा मुलगा काचेवरचे डाग बघून कळवळला. म्हणाला, ‘काकू, याच्यावर भाकरी नका करत जाऊ.’

मग मी विचार केला. धूर शेवटी गॅलरीतच जायचा आहे, तर आपणच गॅलरीत गेलेलं काय वाईट? जुनी दोन बर्नरची शेगडी भंगारात द्यायची राहिली होती. आता भाकरी गॅलरीत, ठेचा गॅलरीत, फोडण्या, दाणे भाजणं, पुरणाची कढई, सगळं तिकडे. तुमच्या किचनमध्ये चहा होतो. तोही कुणी आलं तर.

दिवाळीत माझा पुतण्या आला होता. आपल्याच शहरात, रौजाबागेत डॉ. रफिक झकेरिया कॅम्पसवर हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे. १९८९ पासूनची, ताज समूहाच्या साथीने उभी राहिलेली. तिथून शिकून तो आता परगावी एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. म्हणजे खराखुरा टोपीवाला. हे त्याला हाताला धरून आत घेऊन गेले. त्याला आमलेट करायचं होतं, म्हणून तो मीठ शोधायला लागला. तुमच्या शटरांना मुठी नाहीत. दाबलं की उघडतात, टेकलं तरी उघडतात. त्याने एक दाबलं, दोन दाबली, डावीकडची सगळी ओळ दाबून झाली. पाठीमागे जी मिटवली होती त्यातलं एक त्याचा खांदा लागून आपोआप उघडलं. त्यात मीठ होतं. मग त्याने मला विचारलं, ‘काकू, इथं उघड्यावर काहीच कसं नाही?’

त्याच्याकडे सगळं उघड्यावर असतं म्हणाला. स्टीलची टेबलं, डोक्यावर उघड्या फळ्या, भिंतीला हूक, हात लांबवला की झारा. मीठ कुठंय असं विचारावं लागलं तर ती त्या जागेची चूक. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख. जुना डबा पुढे, नवा मागे. चिरायच्या फळीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. कामाला सुरी एकच, पण रोज धार लावलेली. तुम्ही भेट दिलेल्या लाकडी ठोकळ्यात सहा सुऱ्या आहेत. त्याने एकेक टोमॅटोवर धरून बघितली. टोमॅटो दबला, कापला गेला नाही. मग माझी जुनी सुरी घेतली, चिनी मातीचा कप पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर ती दहा-बारा वेळा ओढली. कांदा कागदासारखा उतरायला लागला. नातवाच्या कंपासपेटीतलं पेन घेऊन रात्री त्याने डब्यांवर पट्ट्या चिकटवल्या. खर्च म्हणाल तर तुमच्या एका बिजागरीएवढाही नाही, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीही लागला नाही.

माझा मिसळणाचा डबा बघून मात्र तो खूश झाला. सात वाट्या, एक झाकण, एक चमचा. तुमच्या पुल-आउटमध्ये मसाल्यांच्या सोळा काचेच्या बाटल्या आहेत, फिरकीच्या झाकणांच्या. मोहरी तडतडल्यापासून हिंगाचं झाकण फिरवून उघडेपर्यंत मोहरी कोळसा होते. शोरूमच्या फोटोसाठी तुमचा माणूस आला तेव्हा त्याने डबा उचलून मायक्रोवेव्हमध्ये लपवला होता. नंतर काढायला विसरला. मी विसरले नाही.

कोठीबद्दल थोडक्यात. गावाकडून वर्षाची ज्वारी, गहू, तूर पोत्याने येते. कडुनिंबाचा पाला घालून आम्ही ती कोठीत भरतो. तुम्ही कोठी घालवून टॉल युनिट दिलंत. ह्यांनी हौसेने त्यात धान्य भरलं, आणि चॅनेल वाकलं. आता ते युनिट उघडायला दोघं लागतात, एक ओढायला आणि एक खालून उचलायला. आणि कोटेशनवर लिहिलं होतं ७१० मार्काचं मरीन प्लाय. सिंकखालची फळी पावसाळ्यात फुगून फुटली तेव्हा आतून भुसा निघाला. मरीन प्लायमध्ये लाकडाचे थर असतात, साहेब. हे मला आमच्या गल्लीतल्या सुताराने सांगितलं; त्याच्याकडे शोरूम नाही.

कुकबुक स्टँड मात्र छान दिलात. त्यावर माझी ‘रुचिरा’ ठेवलीय, हळदीच्या डागांसकट. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७० चं. त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची, कारण वाटी आणि चमचा प्रत्येक घरात असतात. तुम्ही वजनकाट्यासाठी वेगळा ड्रॉवर दिलात. त्यात रबरबँड ठेवले आहेत.

जुनं ते सोनं म्हणणारी मी नाही. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघराला वीतभर खिडकी होती, माळ्यावर काजळी, आणि उकिडवं बसून भांडी घासायची मोरी. ते मला परत नको. शेफसारखं किचन मला हवंच होतं, आणि अजूनही हवंय. हॉटेलांना लागते तसली स्टीलची टेबलं या शहरात बनवून मिळतात. कासारी बाजारात गेलं की हव्या त्या मापाचं पातेलं आणि पळी मिळते. माझ्या उंचीचं टेबल, उघड्या दोन फळ्या, एक हुकांची पट्टी, पाण्याला कोपरा, सरळ बाहेर पडणारा धूर. एवढं तुम्ही दिलं असतंत, तर तुमच्या माहितीपत्रकावर टोपी घालून मी स्वतः उभी राहिले असते.

तेव्हा आता असं करा. एक खरा सुतार आणि एक प्लंबर घेऊन या. ओट्याचा खिडकीकडचा तीन फुटांचा तुकडा ३० इंचांवर उतरवून द्या. आयलंड काढा आणि तुमच्या शोरूममध्ये नेऊन ठेवा. तिथं जागा पुष्कळ आहे आणि स्वयंपाक होत नाही. वरच्या चार शटरांचे पल्ले उतरवा, नुसत्या फळ्या राहू द्या. चिमणीला सहा इंचांचा पाइप लावा आणि तो एकाच वळणाने बाहेरच्या भिंतीतून काढा, कपड्यांपासून लांब. वाइन रॅकच्या जागी माझी घडवंची ठेवा. ती गच्चीवर आहे, तुम्हीच नेऊन ठेवली होतीत. सिंकखाली कोटेशनवर लिहिलंय तेच प्लाय लावा. बाकीच्या पैशांचं आपण बसून बोलू. तुमच्या ऑफिसातून परवा एका मुलीचा फोन आला होता, ‘मॅडम, पाच स्टार द्या.’ तिला सांगितलंय, तुमचे साहेब येऊन गेले की देते, किती ते तेव्हा बघू.

दुपारी या आणि जेवूनच जा. पिठलं, भाकरी, ठेचा. भाकऱ्या गॅलरीत होतील. पाइप अजून तुम्ही लावलेलाच आहे, तेव्हा शर्ट जुना घालून या.

कळावे,

तुमची एक समाधानी ग्राहक
(तुमच्या वेबसाइटवर माझ्या फोटोखाली तुम्ही असंच लिहिलंय)